मराठी कवितेचा शेजार

जमिनीच्या खरेदीखतात गट नंबर, क्षेत्र, आकार लिहून झाला की चतुःसीमा येतात. पूर्वेस अमक्याची जमीन, पश्चिमेस तमक्याची, दक्षिणेस ओढा, उत्तरेस गाडीवाट. आपलं शेत कोणतं हे सांगायलाही शेजाऱ्यांची नावं घ्यावी लागतात. सातबाऱ्यावर नाव आपलं असतं, पण जागा पटते ती आजूबाजूच्यांच्या साक्षीनं. दस्तऐवजाला ज्याच्यावाचून चालत नाही त्या माणसाला मराठी कवितेनं किती जागा दिली, हे पाहायला गेलं तर आधी निराशाच पदरी येते. आई, बाप, बहीण, सखी, विठ्ठल, पाऊस, माती यांच्यावर आपल्या कवींनी भरभरून लिहिलं. शेजाऱ्यावर? छापील संग्रह चाळत गेलं तर चार-दोन कविता हाताला लागतात, त्यातही निम्म्या विनोदी.

तरीही मराठी कवितेला शेजार नाही, असं मी म्हणणार नाही. आपण तो चुकीच्या दारात शोधतो. छापील पुस्तकात आणि पुल्लिंगात त्याचा पत्ता लागत नाही. मराठी कवितेतला शेजार स्त्रीलिंगी आहे आणि त्याचा मोठा भाग कधी छापलाच गेला नव्हता.

आधी शब्दाचं पाहू. संस्कृतात शेजाऱ्याला प्रतिवेशी म्हणतात, म्हणजे समोर घर असलेला. हिंदीतला पडोसी, गुजरातीतला पाडोशी, बंगालीतला पडशी हे सगळे याच गोतावळ्यातले. फारसीतून उर्दूत आलेला हमसाया हा एकाच सावलीत राहणारा. इंग्रजी नेबर मुळात जवळचा शेतकरी. गोव्यातल्या ख्रिस्ती कोंकणीत धर्माज्ञा शिकवताना शेजाऱ्याला पेलो म्हणतात. पेलो म्हणजे दुसरा, पलीकडचा. मराठी बायबलने मात्र त्याच आज्ञेसाठी शेजारी हाच शब्द घेतला. आणि मराठीतला शेजारी जुळतो तो शेज या शब्दाशी. शेज म्हणजे अंथरूण. पंढरपुरात रात्री देवाला निजवताना शेजारती होते ती याच शेजेची. घर समोर असणं, सावली एक असणं यापेक्षा ही जवळीक कितीतरी अंगाजवळची आहे. शिवाय मराठीत हा शब्द नात्याचा आहे तसा जागेचाही आहे. ‘माझ्या शेजारी बस’ असं आपण सख्ख्या भावालाही म्हणतो. जवळ असणं आणि शेजारी असणं या दोन्हींना मराठीत एकच शब्द पुरतो, आणि कवितेला हे फार सोयीचं पडायला हवं होतं.

कायद्याच्या आणि राज्याच्या भाषेत शेजारी कधीच निरागस नव्हता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सामंत हा शब्द हद्दीला हद्द लागलेल्या माणसासाठी येतो. जमीन विकायची झाली तर आधी भाऊबंद, मग हे सामंत आणि मग धनको, असा खरेदीच्या हक्काचा क्रम तिथे सांगितला आहे. सीमेचा तंटा तोडायलाही हेच सामंत बोलवायचे. पुढे या शब्दाला मांडलिक राजाचा अर्थ चिकटला. कोकणातल्या सामंत मंडळींनी आपल्या आडनावात मुळात एक शेजारी दडला आहे हे ऐकून ठेवायला हरकत नाही. त्याच ग्रंथात राजाला सांगितलं आहे की तुझ्या सीमेला लागून असलेला तो तुझा स्वाभाविक शत्रू आणि त्याच्या पलीकडचा तो मित्र. वर्तमानपत्रात आपण ‘शेजारी राष्ट्र’ वाचतो तेव्हा कपाळाला पडणारी आठी ही एवढी जुनी आहे.

गावात या आठीला बांध म्हणतात. दर नांगरटीला बांध वीतभर कोरणारा शेजारी, वाट अडवणारा शेजारी, पाटाचं पाणी रात्रीतून फोडणारा शेजारी. रॉबर्ट फ्रॉस्टची ‘मेंडिंग वॉल’ ही 1914 च्या संग्रहातली कविता जगभर वाचली जाते ती याच विषयामुळे. हिवाळ्यात दगडी कुंपण ढासळतं, वसंतात दोन शेजारी आपापल्या बाजूनं चालत ते सारखं करतात. एक जण वडिलांकडून आलेली म्हण घोकतो, की कुंपण पक्कं असलं म्हणजे शेजार गोड राहतो. गंमत अशी की लोक ही म्हण फ्रॉस्टचं मत म्हणून सांगत फिरतात, आणि कविता मात्र त्या म्हणीवर शंका घेणाऱ्याच्या तोंडची आहे. मराठीत बांधाच्या भांडणानं माणसं कोर्टात आयुष्यं घालवतात, तरी आपल्या कवितेनं बांधाकडे पाहिलं ते बहुधा त्यावरच्या बोरी-बाभळींसाठी. भांडण कथेकडे गेलं आणि हिरवाई कवितेकडे आली. ही वाटणी मला कधी पटलेली नाही.

पण शेजाऱ्याची कविता या मातीत नव्हती असं नाही. ती तर आपल्या सर्वांत जुन्या काव्यसंग्रहाच्या हवेतच आहे. हाल सातवाहनाच्या नावावर असलेली गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतात आहे, गोदावरीच्या काठची आहे, आणि तिच्यातल्या गावात कुणीही एकटं नसतं. बहुतेक गाथा म्हणजे कुणीतरी कुणाला तरी म्हटलेली दोन ओळींची गोष्ट आहे आणि ती तिसरं कुणीतरी ऐकतं आहे. ऐकणारी सासू असेल, आत्या असेल, मैत्रीण असेल, वाटसरू असेल. बोलणारीला जे म्हणायचं आहे ते ती एकीला सांगते आणि पोचवते भलत्याच माणसाला. आनंदवर्धनाने नवव्या शतकात ध्वनीचा सिद्धांत मांडला तेव्हा त्याने उदाहरणासाठी अशाच गाथा निवडल्या. फुलं तोडायला येणाऱ्या भाविकाला ‘आता खुशाल फिर, त्या कुत्र्याला गोदाकाठच्या सिंहानं मारलं’ अशा अर्थाचं आश्वासन देणारी बाई खरं तर त्याला तिथून हाकलते आहे. मला वाटतं, सूचकतेचा एवढा अभ्यास शेजार दाट असलेल्या समाजातच होऊ शकतो. भिंती पातळ असल्या की शब्दांना दोन थर लागतात. आपल्या काव्यशास्त्राच्या पुस्तकांत राजसभा दिसते, पण त्याची काही मुळं तरी वस्तीच्या कुजबुजीत आहेत.

या सूचक बोलण्याचा कळस मात्र संस्कृतात आहे आणि तो एका बाईनं लिहिला आहे. विद्या या कवयित्रीच्या एका श्लोकात बाई शेजारणीला हाक मारते: जरा आमच्या घराकडेही लक्ष ठेव, या पोराच्या बापाला विहिरीचं मचूळ पाणी आवडत नाही, म्हणून मी एकटीच तमाल वृक्षांनी झाकोळलेल्या ओढ्यावर जाते आहे, तिथल्या जुन्या बोरूंच्या कठीण गाठींनी अंग ओरबाडलं तर ओरबाडू दे. पाणी आणायला जायच्या आधीच अंगावरच्या ओरखड्यांचा खुलासा करून ती मोकळी होते. शेजारीण इथे राखणदार आहे, साक्षीदार आहे, आणि बहुधा सगळं समजून गप्प राहणारीही आहे. श्लोकात तिच्या तोंडी एक शब्द नाही, पण तिच्यावाचून हा श्लोक उभाच राहत नाही. आणखी एक बारकावा पाहा. नवऱ्याचा उल्लेख ‘या पोराचा बाप’ असा येतो. आपल्याकडे कालपरवापर्यंत बायका शेजारणीशी बोलताना नवऱ्याला असंच म्हणायच्या. हा श्लोक विद्याकराच्या ‘सुभाषितरत्नकोश’ या सुमारे 1100 सालच्या संग्रहात आहे. बंगालच्या बौद्ध विहारात जमवलेला तो संग्रह संपादित करून 1957 मध्ये जगापुढे आणला तो गोव्यात जन्मलेल्या दामोदर कोसंबींनी आणि वा. वि. गोखल्यांनी.

मराठीत ही शेजारीण गायब झाली नाही. ती जात्यावर जाऊन बसली, आणि तिथे तिचं नाव शेजी.

जात्यावरच्या ओव्यांशी ओळख असणाऱ्याला शेजी, शेजीबाई, शेजीबाईचा शेजार ही संबोधनं वेगळी सांगायला नकोत. सानेगुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीच्या ग्रंथांतून खंडच्या खंड काढले. पुढे गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी 1980 नंतर गावोगावच्या बायकांकडून ओव्या जमवल्या. तो एक लाखाहून अधिक ओव्यांचा साठा 2017 पासून ‘पारी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया लोकांपुढे आणत आहे. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात आई, भाऊ, लेक, पंढरी यांची गणती अभ्यासकांनी पुष्कळ केली. शेजीकडे मात्र कुणी निवांत बसून पाहिलं नाही, असं मला या विषयावरचं लेखन वाचताना वाटत आलं आहे. कारण ती विषय म्हणून कमी येते आणि ऐकणारी म्हणून फार येते. ओवी तिच्याबद्दल नसते, तिला उद्देशून असते, आणि उद्देशून म्हटलेल्या माणसाला टीकाकार पात्र समजत नाहीत.

वास्तविक जात्याची रचनाच तिला बोलावणारी आहे. पायलीभर दळण एकटीनं ओढायचं म्हणजे खांदा भरून येतो. खुंट्याला दुसरा हात लागला की जातं हलकं फिरतं. तो हात जावेचा, नणंदेचा असेल, पण सासुरवाशिणीला मन मोकळं करायचं असेल तर घरातल्या हातापेक्षा पलीकडच्या घरातला हात बरा. सासूचं गाऱ्हाणं नणंदेपुढे कसं गायचं? म्हणून शेजी. माहेर दूर आहे, नवरा बोलत नाही, अशा वेळी रक्ताचं नातं नसलेली, सोयरीक नसलेली आणि स्वतः निवडलेलीही नसलेली एक बाई समोर बसून ऐकते. पहाटेच्या अंधारात ओवीचा दुसरा चरण ती उचलते.

ओवी तिला देवी मात्र करत नाही, आणि इथे या बायकांच्या बुद्धीला दाद द्यावी लागते. शेजीने केलेलं कितीही असलं तरी आईच्या मायेची सर त्याला नाही, हा भाव ओव्यांत पुन्हा पुन्हा येतो. शेजीचं देणं मापाचं, आईचं बिनमापाचं. उसन्या पिठाचा हिशेब शेजी ठेवते, आणि ठेवावाच, कारण तिचंही पोतं तेवढंच असतं. बाळाला दृष्ट लागली की संशयाची सुई तिच्याकडे वळते. घरातलं दुःख तिला सांगावं की झाकावं, यावर ओव्यांमध्ये दोन्ही बाजूंची मतं सापडतात. उसनवारी, विरजण, काडेपेटी, निखारा, बाळंतपण, मयत, लग्नातला लाडू या सगळ्यांत असणारी बाई संशयाचीही धनीण होते, हे ज्यांनी वाड्यात किंवा चाळीत दिवस काढले त्यांना समजावून सांगावं लागणार नाही. प्रेमकवितेला ही दुहेरी नजर क्वचितच साधते. ओवीला ती सहज साधली, कारण गाणारीला कुणावर छाप पाडायची नव्हती. समोर बसलेली बाई सगळं जाणून होती.

पुढे पिठाच्या गिरण्या आल्या, जातं कोपऱ्यात गेलं. बायकांची पाठ सुटली हे चांगलंच झालं. पण लिखित कवितेत बायकांनी बोलायला सुरुवात केली तेव्हा हाक मारायला जो शब्द आला तो सखी. सये, सखे, साजणी. शेजी आली नाही. सखी मनाजोगी निवडता येते, शेजी वाट्याला येते. सखी कवितेपुरती असली तरी चालते. शेजीला मात्र दार असतं, सांडपाणी असतं, मुलं असतात आणि मतं असतात. ज्या नात्यात आवडीचा भाग कमी आणि सवयीचा जास्त, ते नातं भावकवितेला परवडलं नाही. माझ्या मते गेल्या शतकातल्या मराठी कवितेचं हे एक खरं नुकसान आहे.

संतांकडे आलं की शेजाराची जागा देव घेतो. जनाबाईच्या अभंगांत विठ्ठल दळायला बसतो, शेण्या वेचतो, केस विंचरतो. याला आपण भक्तवत्सलता म्हणतो आणि हात जोडतो. पण तो कुणाच्या जागेवर बसला आहे हे पाहायला हवं. जात्याच्या दुसऱ्या बाजूला शेजी असते. दासीच्या वाट्याला तीही येत नसेल, म्हणून जनीनं तिथे देवालाच बसवलं. रिल्केच्या ‘बुक ऑफ अवर्स’ या 1905 सालच्या संग्रहात देवाला शेजारी म्हणणारी एक प्रसिद्ध कविता आहे. कवी रात्री भिंतीवर ठोठावतो, कारण पलीकडे देव एकटा आहे आणि त्याला काही लागलं तर द्यायला कुणी नाही, अशी त्याला काळजी वाटते. मधली भिंत पातळ आहे. युरोपातल्या वाचकांना ही कल्पना धीट वाटली असेल. जनीच्या वाचकाला त्यात इतकंच नवल वाटेल की मध्ये भिंत का ठेवली.

भिंतीचा खरा अर्थ ज्याला ठाऊक होता तो चोखामेळा. पंढरपुरात देवळाच्या पायरीपलीकडे त्याला जाता आलं नाही. परंपरा सांगते की गावानं हुसकावल्यावर तो चंद्रभागेच्या पलीकडच्या तीरावर राहिला आणि तिथून त्यानं दीपमाळ लावली. 1338 मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चालू असताना ती भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांसह तिच्याखाली गेला. ज्या कुसाच्या आत राहायची त्याला परवानगी नव्हती त्याच्याच डागडुजीला त्याला बोलावलं होतं. फ्रॉस्टच्या कवितेतल्या दोन शेजाऱ्यांना भिंत हवी की नको यावर चर्चा करायला सवड होती. गावगाड्यानं ज्याला शेजारी मानलंच नाही त्याला ती सवड नव्हती. चोखोबाच्या, सोयराबाईच्या, कर्ममेळ्याच्या अभंगांत विटाळाचा जो प्रश्न येतो तो मुळात शेजाराचा प्रश्न आहे: कुणाच्या किती जवळ कुणी राहायचं.

तुकोबांनी वृक्षवेलींना आणि पाखरांना सोयरे म्हटलं, हे सर्वांना तोंडपाठ आहे. सोयरे म्हटलं, शेजारी म्हटलं नाही. डोंगरावर एकांतात बसलेल्या माणसाला झाडांशी सोयरीक जमते. खाली देहूत शेजारी होते आणि त्यांनी गाथा बुडवायची वेळ आणली. टीका करणाऱ्याला शेजारी घर द्यावं असं सांगणारी म्हण आपल्याकडे आहे, कबीराचाही त्याच अर्थाचा दोहा प्रसिद्ध आहे. ते वाचताना विनोदाची छटा जाणवते, पण तुकोबा आणि कबीर या दोघांनाही असे शेजारी न मागता मिळाले होते.

इथे बंगालकडे वळणं भाग आहे, कारण शेजाऱ्याची सर्वांत खोल कविता तिथे आहे. कुश्तियाजवळच्या छेउरियात राहणारा लालन फकीर 1890 मध्ये वारला. त्याच्या एका पदात घराजवळ आरशीनगर नावाचं गाव आहे, तिथे एक शेजारी राहतो, आणि गाणाऱ्यानं त्याला एकदाही पाहिलेलं नाही. गावाभोवती अथांग पाणी, होडी नाही. तो शेजारी नुसता शिवला असता तरी मरणाचं भय गेलं असतं. आरशाच्या गावातला शेजारी म्हणजे आपणच, असा बाउलांचा अर्थ. मिर्झा गालिब उलट टोकाला आहे. त्याला अशा ठिकाणी जाऊन राहायचं आहे जिथे हमसाया नसेल, पहारेकरी नसेल, आजारी पडलं तर विचारपूस करणारा नसेल. दोघेही शेजाऱ्यापासून दूर आहेत, एकाला त्याचा शोध आहे आणि दुसऱ्याला कंटाळा. मराठी कवितेत या दोन्ही टोकांना जाणारं फारसं कुणी नाही.

आधुनिक मराठी कवितेनं झेप घेतली ती थेट विश्वावर. ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये सर्व भूतांच्या मैत्रीचं मागणं मागितलं होतं, केशवसुतांच्या ‘नवा शिपाई’ला 1898 मध्ये सगळीकडे भाऊबंद दिसले. दोन्ही थोर कविता आहेत. पण जग आणि घर यांच्यामधला जो टप्पा, आळीचा, पाखाडीचा, वेटाळाचा, तो या झेपेत खालून निघून गेला. जगावर प्रेम करताना जगाचं सांडपाणी आपल्या दारात येत नाही. मर्ढेकरांनी ‘काही कविता’ (1947) मध्ये शहर आणलं, आणि त्यांच्या पिपातल्या उंदरांच्या कवितेत जवळीक इतकी आहे की श्वास घेता येऊ नये. पण ते उंदीर एकमेकांचे शेजारी नाहीत, नुसते एकत्र आहेत. गर्दी आणि शेजार यांतला फरक इतक्या थोड्या शब्दांत दुसऱ्या कुणी दाखवलेला नाही.

सिनेमानं याच काळात शेजारी हा शब्द शीर्षकातच घेतला. प्रभातचा ‘शेजारी’ 1941 मध्ये आला, हिंदीत ‘पडोसी’. दिग्दर्शक व्ही. शांताराम, कथा विश्राम बेडेकरांची, गीतं शांताराम आठवल्यांची, संगीत मास्टर कृष्णरावांचं. जिवबा आणि मिर्झा या दोन म्हाताऱ्या मित्रांमध्ये धरण बांधणारा भांडवलदार फूट पाडतो आणि ते धरणासोबतच संपतात. फाळणीच्या सहा वर्षं आधी हे पडद्यावर दिसलं. हिंदी आवृत्तीत मुसलमान मिर्झा गजानन जागीरदारांनी केला आणि हिंदू ठाकूर मझहर खान यांनी. त्या काळच्या छापील मराठी कवितेत या तोडीचा शेजारी मला आढळत नाही.

तो आला नारायण सुर्वे यांच्याबरोबर. गिरणगावच्या रस्त्यावर सापडलेलं मूल एका गिरणी कामगारानं वाढवलं, म्हणजे ज्याचं पहिलं नातंच शेजारधर्माचं, असा हा कवी. त्याची वस्ती म्हणजे बीडीडी चाळींसारखं जग. 1920 च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी इथे मिळून 207 इमारती उभ्या राहिल्या, एकेक खोली 160 चौरस फुटांची, संडास सामाईक, गॅलरी सामाईक. तिथे शेजारी टाळता येत नाही. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (1962) आणि ‘माझे विद्यापीठ’ (1966) या संग्रहांनंतर मराठी कवितेत दुसऱ्या माणसाचं बोलणं त्याच्याच भाषेत आलं. ‘शीगवाला’मधला चाचा त्याच्या मोडक्या हिंदी-मराठीत पोराला अनुभव सांगतो. शाळेत मुलाचं नाव घालायला आलेली, बापाच्या रकान्यापाशी अडलेली बाई मास्तरांनाच साकडं घालते. सुर्वे या माणसांची वर्णनं करत नाहीत, त्यांना बोलू देतात. ऐकणं ही शेजीची जुनी कला, आणि मराठीत एका पुरुष कवीनं ती पहिल्यांदा मनापासून उचलली.

दलित साहित्यानं याच्याही मागे जाऊन विचारलं की शेजारी कुणाला म्हणायचं ते आधी ठरवा. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (1963) या कथेत नोकरीसाठी परगावी गेलेल्या तरुणाला राहायला जागा मिळवण्यासाठीच जात लपवावी लागते. कथा असली तरी भाड्याची खोली शोधणाऱ्या प्रत्येकाच्या मनात ती कवितेसारखी राहते. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपीठा’ला (1972) विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली. त्यासाठी ते ढसाळांबरोबर त्या वस्तीत फिरले आणि संग्रहातल्या कितीतरी शब्दांचे अर्थ त्यांना कवीला विचारावे लागले. एकाच शहरातल्या, एकाच भाषेतल्या दोन लेखकांना मध्ये शब्दकोश लागावा, यात तेंडुलकरांचा प्रांजळपणा आहेच, पण मुंबईच्या शेजाराची मोजणीही आहे. अरुण कोलटकर वर्षानुवर्षं वेसाइड इनमध्ये बसून समोरच्या त्रिकोणी जागेतली माणसं, कुत्री, इडली विकणारी बाई पाहत राहिले. ‘काळा घोडा पोएम्स’ 2004 मध्ये इंग्रजीत आलं, पण त्या शेजारावर इतकी बारीक आणि दया न दाखवणारी नजर मराठीतही दुर्मीळ आहे.

त्यानंतरचं चित्र उत्साहाचं नाही. चाळी पाडून टॉवर उभे राहतात, खोली मोठी होते, संडास घरात येतो, आणि हे व्हायलाच हवं. ज्यांनी कधी नळावर रांग लावली नाही त्यांनीच सामाईक नळाच्या आठवणींनी गहिवरावं, हा प्रकार आपल्या ललित लेखनात फार झाला. चाळीच्या नावानं उसासे टाकणाऱ्या कविता मला म्हणूनच खोट्या वाटतात. प्रश्न आजच्या शेजाराचा आहे. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर भांडणारा, लिफ्टमध्ये मान खाली घालणारा, कोणत्या जातीच्या, धर्माच्या, आहाराच्या माणसाला फ्लॅट द्यायचा हे दारामागे ठरवणारा हा शेजारी कवितेत कुठे आहे? तो सापडत नाही, याचं कारण कवी स्वतः त्या सोसायटीचा सभासद असतो. विद्याच्या श्लोकातली, जात्यावरची आणि चाळीतली कविता शेजाऱ्याला हाक मारून सुरू होत होती. आजची बहुतेक कविता खिडकीतून सुरू होते.

म्हणून दोन गोष्टी कराव्याशा वाटतात. जमलेल्या ओव्यांतून शेजीला उद्देशून असलेल्या ओव्या वेगळ्या काढून एक छोटं पुस्तक व्हावं. विद्यापीठांच्या मराठी विभागांना हे अवघड नाही, विषय शोधत फिरणारे संशोधक विद्यार्थीही पुष्कळ आहेत. दुसरी गोष्ट तुमच्याच घरात होण्यासारखी आहे. ओव्या येणारी कुणी आजी, मावशी, काकू असेल तर तिच्याकडून त्या लिहून घ्या, गावाचं नाव लिहा, तिचं नाव लिहा. आणि तिच्या जात्याच्या दुसऱ्या बाजूला कोण बसायचं, तेही विचारून त्याच पानावर नोंदवा.